रात्री पाणी न पिणारी पोरगी

आमची आरबीएसकेची, म्हणजे पोरांची आरोग्य तपासणी करणाऱ्या सरकारी कार्यक्रमाची टीम म्हणजे दोन डॉक्टर, फार्मासिस्ट, सिस्टर आणि एक गाडी. अंगणवाड्या वर्षातून दोनदा, शाळा एकदा, ० ते १८ वयाची सगळी पोरं बघायची. मी अक्राणी तालुक्यात आहे, म्हणजे धडगाव आणि त्याच्या आजूबाजूचे सातपुड्यातले पाडे. डिसेंबरातल्या एका आश्रमशाळेतल्या दिवसाबद्दल कधीचं लिहायचं होतं, आज बसलेच.

त्या दिवशी थंडी अशी होती की पोरं रांगेत एकमेकांना चिकटून उभी होती. वजन, उंची, दात, डोळे, कान असं चाललेलं. सातवीच्या मुलींची यादी संपली तरी एका नावापुढे टिक नव्हती. विचारलं तर उत्तर आलं, ती झोपलीय, घरची आठवण येते तिला, दर थंडीत असंच करते. हे सांगणारी व्यक्ती वाईट नाही, दोनशेच्या वर पोरं सांभाळायची म्हटल्यावर कुणाचं काय दुखतंय हे कुठवर बघणार, पण "दर थंडीत" हे ऐकलं आणि मी स्टेथोस्कोप उचलून सरळ मुलींच्या खोलीत गेले.

ती कोपऱ्यात वेगळ्या गादीवर होती. दोन्ही नडग्यांना ओढणी गच्च बांधलेली, इतकी की सोडल्यावर कातडीवर ओढणीच्या काठाचे वळ उठलेले. आपल्याकडे डोकं दुखलं की फडकं बांधतात ना, तसं तिने पायांना बांधलं होतं. डोळे पिवळसर, ओठ सुकून भेगाळलेले, नाडी पळतेय, ऑक्सिजन ९४. कमरेला हात लावला तर ओरडली नाही, फक्त माझं मनगट धरलं. पोट तपासताना प्लीहा (पोटात डावीकडे असते ती) हाताला लागली, म्हणजे वाढलेली. मराठीत विचारलं तर मान हलवायची, मग स्वयंपाकाच्या मावशी आल्या आणि पावरीत, म्हणजे तिच्या बोलीत बोलल्या तेव्हा कुठे ती बोलायला लागली.

दुखणं रात्री सुरू झालं होतं. मी मावशींना म्हटलं, विचारा पाणी किती पिते. तर संध्याकाळनंतर पीतच नाही. का, तर संडास बाहेर आहे, लांब आहे, दिवा नाही, आणि पाणी प्यायलं की रात्री गादीत लघवी होते आणि मग सकाळी सगळ्या हसतात. म्हणूनच गादी वेगळी.

सिकलसेल ज्यांनी जवळून बघितलाय त्यांच्या आता लक्षात आलं असेल. या आजारात लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, कडक होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि जिथे रक्त पोचत नाही तिथे जीव जाईल असं दुखतं, हाडात, कमरेत, छातीत. थंडी, ताप, दमणूक आणि शरीरातलं पाणी कमी होणं, यातलं काहीही पुरतं त्याला. आणि याच आजारात किडनीला लघवी घट्ट करता येत नाही, त्यामुळे लघवी जास्त होते, अशी पोरं मोठी झाली तरी रात्री गादी ओली करतात. म्हणजे आजारामुळे गादी ओली, लाजेने पाणी बंद, पाणी बंद म्हणून पुन्हा दुखणं, वर पहाटे गार पाण्याची अंघोळ आणि मैदानावर पीटी. बारा वर्षांची पोरगी या चक्रात एकटी फिरत होती आणि नाव काय पडलं, तर घरची आठवण.

ऑफिसच्या कपाटातून हेल्थ फाइल काढायला लावली. त्यात चिठ्ठी होती. दोन वर्षांपूर्वीच्या कॅम्पमधली, सिकलसेलची पहिली चाचणी, सोल्युबिलिटी टेस्ट, पॉझिटिव्ह, नंतरचा पक्क्या निदानाचा एचपीएलसीचा रिपोर्टही जोडलेला, एसएस पॅटर्न. एसएस म्हणजे पक्का आजार, नुसती वाहक नाही (वाहक म्हणजे आजाराचा दोष आईबापांपैकी एकाकडूनच आलेली). रिपोर्ट आला, फाइलला लागला, मधे अधीक्षिका बदलल्या, नव्या मॅडमना कुणी सांगितलंच नाही. मला खूप राग आला, आजही येतो. देशात १ जुलै २०२३ ला सिकलसेल निर्मूलन मिशन सुरू झालं, ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी, २०४७ चं उद्दिष्ट, हे सगळं चांगलंच आहे, तपासणी हवीच. पण पोरीच्या बोटातून रक्त घेतलं आणि तिला तिच्या दुखण्याचं नावही सांगितलं नाही तर त्या तपासणीचा तिला काय उपयोग झाला?

कोमट पाण्यात ओआरएस करून घोट घोट पाजलं, दोन घोंगड्या, पॅरासिटामॉल. १०८ लावायला रेंज नाही, टेकडीवर जाऊन फोन केला तर गाडी दुसऱ्या केसवर. आमचे ड्रायव्हर दादा शहाद्याकडचे, त्यांनी वाट न बघता गाडी दाराशी लावली, "मॅडम, आते निंघा, रस्ता खराब शे." मावशी तिचं डोकं मांडीवर घेऊन मागे बसल्या. ग्रामीण रुग्णालयात सलाइन, ऑक्सिजन आणि दुखण्याचं इंजेक्शन सुरू झालं. एचबी, म्हणजे हिमोग्लोबिन, ७.४ आलं. ते बघून सोबतच्या शिक्षकांची रक्ताची बाटली शोधायची धावपळ सुरू झाली, त्यांना थांबवावं लागलं, कारण एसएस पेशंटचं एचबी एरवीही सात-आठ-नऊच्या आसपासच असतं, नुसता आकडा बघून रक्त चढवायचं नसतं. छातीत दुखलं, धाप लागली, ताप चढला, एकदम पांढरीफटक पडली किंवा हातपाय लुळे पडले तर मात्र एक मिनिट थांबायचं नाही.

तिच्या वडलांना फोन लावायला संध्याकाळ झाली. दिवाळीनंतर आईवडील ऊसतोडीला गुजरातमध्ये, बारडोलीकडे. मुकादमाच्या फोनवरून निरोप, मग पडावावरून, म्हणजे तोडणीवाल्यांच्या मुक्कामावरून त्यांचा फोन. मी सगळं समजावून सांगितलं. पलीकडे बराच वेळ नुसता ट्रकचा आवाज. मग म्हणाले, "मॅडम, हिच्या आधीचा पोरगा होता माझा. चार वर्षांचा. इथेच पडावावर पोट फुगलं, पांढरा पडला, संध्याकाळपर्यंत गेला. बडव्याकडे नेऊन आलो होतो. दवाखाना कुठे ते माहीत नव्हतं." बडवा म्हणजे त्यांच्याकडचा भगत.

मी काय बोलणार. पोट फुगून, पांढरं पडून काही तासांत जाणं, म्हणजे लहान सिकलसेलच्या पोरांत प्लीहेत अचानक रक्त साठतं तेच असण्याची शक्यता खूप. रिपोर्ट कधीच झाला नाही त्यामुळे नक्की सांगता येत नाही, आणि मी त्यांनाही तसंच सांगितलं. एवढं मात्र सांगितलं की दादा, बडव्याकडे गेलात म्हणून पोरगा गेला असं मनात ठेवू नका, आणि हिच्या खालची दोघं आहेत त्यांची तपासणी करूया. आईबाप दोघं वाहक असले की दर बाळंतपणात पोर आजारी निघायची चारात एक अशी शक्यता असते, एक पोरगं आजारी झालं म्हणजे पुढची सुटली असं नसतं. हे त्यांना पहिल्यांदाच कुणीतरी सांगत होतं.

पोरगी चौथ्या दिवशी हसली, मावशींनी डब्यात आणलेली भाकरी खाल्ली. नंतर नंदुरबारला जिल्हा रुग्णालयात हायड्रॉक्सीयुरिया, म्हणजे असं दुखणं कमी वेळा यावं म्हणून द्यायचं औषध, सुरू झालं, रोज गोळी, फॉलिक ॲसिड, आणि ठराविक दिवसांनी रक्त तपासून डोस बघायचा. धडगावहून नंदुरबार म्हणजे पूर्ण दिवस मोडतो, तिच्यासोबत कोण जाणार हा प्रश्न दरवेळी नव्याने उभा राहतो. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात सिकलसेल आहे, पण प्रमाणपत्राची फाइल अजून फिरतेय.

शाळेत बदल झाला तो नव्या अधीक्षिकांमुळे, त्यांचं मनापासून कौतुक. त्यांनी तिची गादी बाकीच्यांच्या ओळीत, दाराजवळ घेतली. संडासच्या वाटेवर बल्ब लावून घेतला. थंडीत अंघोळीला चुलीवरचं गरम पाणी, पीटीतून सूट, वर्गात पाण्याची बाटली आणि लघवीला विचारल्याशिवाय जायची परवानगी. वर्गातल्या मुलींना तिच्यासमोरच सांगितलं की हे का होतं. त्यानंतर आणखी दोन मुली स्वतःहून आल्या, आमचेपण पाय दुखतात म्हणून. एक वाहक निघाली, वाहकाला सहसा असा त्रास होत नाही, तिचं दुखणं वेगळं आहे ते बघतोय. दुसरी एसएस. तिची चिठ्ठी कुठल्याच फाइलमध्ये नव्हती.

खालची दोन भावंडं आईबापासोबत पडावावरच आहेत. होळीआधी भोंगऱ्याच्या बाजाराला, म्हणजे आदिवासींच्या होळीच्या बाजाराला, सगळी गावाकडे येतात, तेव्हा मुकादमाला आधी फोन करून त्यांची तपासणी करायचं ठरलंय. बाजारातच टेबल टाकून इतर घरांचीही करावी असं मी वर लिहून दिलंय, परवानगी अजून आलेली नाही. दर सोमवारी फोन करतेय.