अँडोव्हरचा कोल्हा

मंडळी, लंडनच्या वॉटर्लूहून सॅलिसबरीची ट्रेन पकडली की वाटेत अँडोव्हर लागतं. तिथे बघण्यासारखं फार काही नाही, जुन्या विमानतळावर आता ब्रिटिश आर्मीचं हेडक्वार्टर आहे. पण दोन महायुद्धांच्या मधे याच मैदानावर रॉयल एअर फोर्सची 12 नंबरची बॉम्बर स्क्वाड्रन, म्हणजे बॉम्ब टाकणाऱ्या विमानांची तुकडी होती आणि तिचा किस्सा मला जाम आवडतो.

ही स्क्वाड्रन 1915 ची. युद्ध संपलं, सरकारकडे पैसे नाहीत, त्यामुळे 1922 ला चक्क बंद केली, 1923 ला परत उभी केली आणि पुढच्या वर्षी अँडोव्हरला आणली. मिळालं काय, तर फेअरी फॉन नावाचं बोजड विमान, पळून पळून ताशी 185 किमीच्या आसपास पळणार.

इकडे रिचर्ड फेअरी हा विमानवाला सरकारी ऑर्डरची वाट न बघता स्वतःच्या पैशाने एक विमान बनवून बसला होता. त्यात अमेरिकन कर्टिस इंजिन, सडपातळ असल्यामुळे विमानाचं नाकही टोकदार. गनरची, म्हणजे मागे बसून गोळ्या झाडणाऱ्याची बंदूकसुद्धा नको तेव्हा खाली दडवून ठेवायची सोय, का तर वारा अडू नये! बॉम्ब टाकायचे तर त्याच गनरने उघड्या कॉकपिटमधून खाली सरकून पोटावर झोपून नेम धरायचा. हे फेअरी फॉक्स, म्हणजे कोल्हा. वेग ताशी 250 किमीच्या घरात. एअर फोर्सचा प्रमुख ट्रेंचर्ड ते बघून खूश झाला आणि एका स्क्वाड्रनपुरती ऑर्डर दिली.

1926 ला फॉक्स अँडोव्हरला आली आणि मग खरी गंमत. सरावात लढाऊ विमानांनी बॉम्बरला गाठायचं असतं ना, इथे गाठायलाच जमेना. शेवटी 1928 च्या सरावात फॉक्सवाल्यांना सांगितलं म्हणे की बाबांनो, ताशी 225 च्या वर जाऊ नका, समोरच्यांनाही संधी द्या! हे म्हणजे आपल्या गल्लीत चांगल्या बॅट्समनला डाव्या हाताने खेळायला लावतात तसं झालं. पोरं काय ऐकतात, कोल्ह्याचं तोंड हेच स्क्वाड्रनचं चिन्ह करून टाकलं.

एवढं असूनही सगळी मिळून 28 विमानं घेतली, बास. एक तर तिजोरी रिकामी, त्यात इंजिन अमेरिकन म्हणून साहेबाचं नाक खाली. माझ्या मते दुसरं कारण मोठं. पण त्या कर्टिसला तोड म्हणून रोल्स रॉइसने केस्ट्रेल इंजिन काढलं, ते हॉकर हार्ट या बॉम्बर विमानाला लागलं आणि 1931 ला तीच हार्ट 12 नंबरकडे आली.

1935 ला इटलीने ॲबिसिनियावर (आजचा इथिओपिया) हल्ला केला तेव्हा हार्ट घेऊन हे लोक एडनला गेले. एडन म्हणजे येमेनमधलं बंदर, 1932 पर्यंत आपल्या मुंबई इलाख्यातलं गाव बरं का! वर्षभराच्या आत परत आले, मग हॉकर हाइंड, 1938 ला फेअरी बॅटल ही बॉम्बर विमानं मिळाली. तोवर उलटं झालं होतं, जर्मन मेसरश्मिट लढाऊ विमानं कितीतरी वेगवान आणि आता मागे पडणारे हेच.