बर्फाचे आवाज : नोंद सातवी, आणि एक कबुली

मागच्या नोंदीत ‘बर्फाची शिट्टी’ म्हणून ज्या आवाजाचं मी कौतुक केलं, तो बर्फाचा नाहीच. वेडेल सील या अंटार्क्टिकातल्या सागरी सस्तन प्राण्याचा आहे. ज्यांनी वाहवा केली त्यांची माफी.

फाइल ‘पालाओआ’ची, म्हणजे समुद्रातले आवाज टिपणाऱ्या केंद्राची. जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेने २००५च्या अखेरीस अंटार्क्टिकात न्यूमायर तळाजवळ हे केंद्र उभारलं. सुमारे १०० मीटर जाड आइस शेल्फला (समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फाच्या थराला) गरम पाण्याने भोकं पाडून खाली हायड्रोफोन, म्हणजे पाण्याखालचे माईक, सोडले. ऑडासिटी या ध्वनी-सॉफ्टवेअरमध्ये स्पेक्ट्रोग्राम (आवाजाचं चित्र: वरच्या पट्टीचे सूर वर, खालचे खाली) उघडला तर शिट्टी घसरगुंडीसारखी वरून खाली उतरताना दिसते. मला वाटलं, तडा धावतोय. (बर्फाच्या थरातून वरच्या पट्टीचे सूर आधी पोचतात, खालचे मागून, म्हणून गोठलेल्या तळ्यावर ‘प्यूऽऽ’ ऐकू येतं, हे डोक्यात बसलेलं.) पण ते ‘प्यू’ ऐकेपर्यंत संपलेलं असतं. माझी घसरगुंडी चाळीस सेकंदांची, आणि परत परत, जवळजवळ तशीच. बर्फ इतका रियाज करत नाही! शिवाय फाइल नोव्हेंबरची, म्हणजे या सीलांच्या विणीच्या हंगामातली. तेव्हा नर पाण्याखाली गातातच.

मग बर्फ कुठे होता? चित्राच्या तळाशी, जिथे मी बघतच नव्हतो. बर्फाच्या लाद्या एकमेकींवर चढून कडा उभ्या राहतात तेव्हाची घरघर १०० हर्ट्‌झच्याही खाली असते. लॅपटॉपच्या स्पीकरला ती झेपत नाही. १६ पट वेगाने वाजवलं, १५ हर्ट्‌झ २४०वर आले, आणि हेडफोनमध्ये वाड्याचा दिंडीदरवाजा करकरला. तीनदा ऐकलं. हवा गार पडली की बर्फाचा पृष्ठभाग आक्रसतो आणि बारीक तडे जातात. त्यांचं तडतडणं लाह्यांसारखं, ते मात्र मी बरोबर ओळखलं होतं.

घरचा प्रयोगही केला. पिझो चकतीला (कंपनं टिपणाऱ्या चपट्या माईकला) एम-सील फासून बादलीत सोडली, वर फ्रीजमधले खडे. आवाज झकास, उपयोग शून्य. हे खडे एकदम ऊब लागल्याने तडकतात. हिमनदीचा बर्फ विरघळताना फटफटतो तो आत दाबाखाली कोंडलेली हवा सुटते म्हणून. बादली आईने परत मागितली, तो विषय संपला.

जुन्या १९ फाइलींची लेबलं पुन्हा तपासली. सहा सीलांकडे गेल्या, अकरा बर्फाकडे राहिल्या. उरलेल्या दोनांवर माझं माझ्याशीच भांडण चालू आहे.