टाचदुखीचे अकरा महिने – माझा अनुभव

आमचं डोंबिवलीत छोटं पोळीभाजी केंद्र आहे. मी आणि दोन मावश्या, पहाटे साडेपाचला कणीक भिजवायची आणि अकरापर्यंत साडेतीनशेच्या आसपास पोळ्या, वर तीन भाज्या आणि आमटी. सगळं उभ्याने आणि सगळं अनवाणी, कारण ओट्यावर देवाचा फोटो आहे आणि अन्नाच्या जागी चप्पल घालायची नाही हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. खाली व्हिट्रिफाइड टाइल्स. पुसायला सोप्या म्हणून हौसेने बसवून घेतल्या होत्या, त्या पायांना दगडासारख्या लागतात हे तेव्हा डोक्यातच आलं नाही.

मागच्याच्या मागच्या दिवाळीत फराळाच्या ऑर्डरी खूप आल्या, दोन आठवडे रोज बारा बारा तास चकली नि शंकरपाळे तळत उभी होते. भाऊबीज झाली, जरा निवांत झालो आणि तीन-चार दिवसांनी सकाळी पलंगावरून उजवा पाय खाली टेकवला तर टाचेत खिळा घुसावा अशी कळ आली. खाली वाकून बघितलं, खरंच काही रुतलंय का म्हणून. काही नव्हतं. भिंत धरून बाथरूमपर्यंत गेले, पाच-दहा मिनिटं चालल्यावर पाय मोकळा झाला, म्हटलं गारठ्याने असेल. पण मग हे रोजचंच झालं. सकाळचं पहिलं पाऊल, दुपारी तासभर पडून उठल्यावरचं पहिलं पाऊल, रिक्षातून उतरल्यावरचं पहिलं पाऊल. चालत राहिलं की कमी आणि दिवसभर उभं राहिलं की संध्याकाळी पुन्हा ठणका. ज्यांना हे झालंय त्यांना "पहिलं पाऊल" एवढे दोन शब्द सांगितले तरी पुरे.

महिनाभर घरगुती उपाय केले. सासूबाई रोज संध्याकाळी वीट तापवून त्यावर रुईचं पान ठेवायच्या आणि मी त्यावर टाच दाबायची. शेकाने बरं वाटायचं, पाऊण तास तरी, आणि त्यांनी ज्या मायेने ते केलं ते मी विसरणार नाही. फक्त एक सांगते, ज्यांना शुगर आहे त्यांनी हा विटेचा प्रयोग करू नका, तळपायाची संवेदना कमी झालेली असली तर चटका बसलेला कळतच नाही आणि जखम चिघळते. रुईचा चीकही डोळ्यांना वाईट, पान हाताळल्यावर हात स्वच्छ धुवा. मी काटेवाली अ‍ॅक्युप्रेशर चप्पल पण आणली होती, ती घालून चालले तर दुखणं वाढलंच, दोन दिवसांत बंद केली.

डिसेंबरात ऑर्थोपेडिक डॉक्टरांकडे गेले. दोन्ही पायांचा एक्स-रे, शुगर, युरिक अ‍ॅसिड, व्हिटॅमिन डी. शुगर आणि युरिक अ‍ॅसिड नॉर्मल, डी कमी निघालं, त्यासाठी आठवड्याला एक अशी ६० हजार युनिटची पावडर आठ आठवडे घेतली. आणि एक्स-रे बघून ते म्हणाले, टाच वाढलीय, हाड वाढलंय. एवढं ऐकलं आणि माझे हातपाय गार पडले. वाढलेलं हाड काही गोळीने जाणार नाही, म्हणजे आता एक तर ऑपरेशन नाही तर जन्मभर असंच, हे मी मनाशी धरूनच घरी आले. गोळ्या घेतल्या तेवढे दिवस दुखणं दबलं, गोळ्या संपल्या की परत तेच. फेब्रुवारीत टाचेत स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलं. देताना खूप दुखतं, ते खरं आहे, पण तिसऱ्या दिवसापासून दुखणं जवळपास गायब. मला वाटलं सुटले. पाच-सहा आठवडे मी आधीसारखीच उभी राहिले, काही म्हणजे काही बदललं नाही, आणि पाडव्याच्या पुरणपोळ्यांच्या ऑर्डरी झाल्या नि दुसऱ्या दिवशी सकाळी तीच कळ, तशीच्या तशी. त्या दिवशी मी पलंगावर बसून रडले. केंद्र बंद करावं लागेल असं वाटायला लागलं होतं, आणि केंद्रावर आमच्या दोन मुलांची शिक्षणं चालली आहेत.

दुसरं इंजेक्शन घ्यायचं का या विचारात असताना नणंदेने फिजिओथेरपीचं सुचवलं. मला वाटायचं फिजिओ म्हणजे पॅरॅलिसिस झालेल्यांसाठी. गेले तर पंचवीस-सव्वीसची मुलगी. तिने आधी मी दिवसभर काय करते ते सगळं विचारलं, किती तास उभी, कशावर उभी, पायात काय, अर्धा तास नुसती माहिती. मग माझ्या पायाचा अंगठा वरच्या बाजूला ओढून धरला आणि टाचेच्या आतल्या कडेला बोटाने दाबलं, जीव कळवळला. म्हणाली, काकू, हे प्लांटर फॅसायटिस. टाचेच्या हाडापासून बोटांपर्यंत तळव्याखाली एक जाड पट्टा असतो, कमानीला धरून ठेवणारा, तो टाचेला जिथे चिकटतो तिथे सतत ताण पडून पडून झिजतो. रात्री झोपेत पाऊल खाली झुकलेलं असतं, पट्टा सैल पडून आखडून बसतो, सकाळी पाय टेकवला की एका झटक्यात ताणला जातो, म्हणून पहिल्या पावलाला कळ.

मी म्हटलं, अगं पण माझं हाड वाढलंय ना. तिने एक्स-रे उजेडात धरला आणि विचारलं, काकू, डावा पाय दुखतो? म्हटलं नाही, कधीच नाही. तिने बोट ठेवून दाखवलं, डाव्या टाचेलाही तेवढंच हाड वाढलेलं होतं. चार महिने तो एक्स-रे माझ्या कपाटात होता! ती म्हणाली कितीतरी लोकांच्या टाचेला असं हाड असतं आणि त्यांना काहीही दुखत नाही, ते काढायची गरज सहसा पडत नाही. मला अर्धं बरं तिथेच वाटलं, खरं सांगते. कुणाला "टाच वाढली" म्हणून सांगितलं असेल तर घाबरून जाऊ नका, एवढ्यासाठीच खरं तर मी हे लिहायला बसले.

मग व्यायाम. पलंगावरून उतरायच्या आधी, हे महत्त्वाचं, पाय टेकवायच्या आधी, दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर घ्यायचा आणि हाताने सगळी बोटं नडगीकडे ओढून दहा आकडे धरायचं, असं दहा वेळा. दुसऱ्या हाताचा अंगठा तळव्यावर ठेवला तर पट्टा तारेसारखा ताठ झालेला लागतो, लागला तर बरोबर चाललंय. दिवसातून तीन वेळा. पोटरीसाठी भिंतीला हात टेकून दुखरा पाय मागे, टाच जमिनीला घट्ट, अर्धा मिनिट, आधी गुडघा सरळ ठेवून, मग किंचित वाकवून. माझ्या पोटऱ्या दोरखंडासारख्या कडक झाल्या होत्या आणि सगळा ताण खाली टाचेवर येत होता असं ती म्हणाली.

तीन आठवड्यांनी तिने जो व्यायाम दिला तो मात्र मला आधी पटलाच नाही. जिन्याच्या पायरीवर पावलाचा फक्त पुढचा भाग टेकवायचा, टाच बाहेर अधांतरी, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी म्हणजे बोटं वर वळलेली राहतात, आणि कठडा धरून एका पायावर टाच उचलायची. तीन आकड्यांत वर, दोन आकडे थांबायचं, तीन आकड्यांत खाली. बारा वेळा, असे तीन सेट, पण दिवसाआड, रोज नाही. दुखऱ्या पायावर आणखी वजन टाकायचं म्हणजे काय! पण ती म्हणाली, नुसत्या आरामाने तो पट्टा अजून कमकुवत होतो, त्याला हळूहळू भार सोसायला शिकवायचं. करताना थोडं दुखलं तर चालेल, दुसऱ्या दिवशी सकाळी आधीपेक्षा जास्त दुखायला नको, जास्त दुखलं तर पुढच्या वेळी कमी करायचं. आधी मी दोन्ही पायांवरच केलं, मग एका पायावर, आणि जूनपासून पाठीवर मुलाची सॅक आणि त्यात दोन किलो तांदूळ, मग पाच किलो. वजन वाढलं की आकडा कमी, बाराचे दहा, दहाचे आठ.

संध्याकाळी फ्रीझरमधली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून तळव्याखाली दहा मिनिटं फिरवायचे. रात्री पाऊल काटकोनात धरून ठेवणारा पट्टा पण आणला होता, काहींना त्याचा फायदा होतो म्हणे, मला झोपच यायची नाही, सोडून दिला. ओळखीतल्या एकांनी आयुर्वेदात अग्निकर्म (तापवलेल्या सळईने दुखऱ्या जागी डाग देतात ते) करून घेतलं, त्यांना गुण आला, मी केलं नाही त्यामुळे त्यावर बोलत नाही.

सगळ्यात अवघड गेली ती चप्पल. फिजिओ म्हणाली एक पाऊलसुद्धा अनवाणी नको, घरात नको, ओट्याशी तर नाहीच. केंद्रात मी नवी कोरी, कमानीला आधार असलेली चप्पल आणली, दोन्ही पायांत टाचेखाली सिलिकॉनचे हील कप (एकाच पायात घातला तर उंची वरखाली होते), आणि ओट्यासमोर जाड रबरी मॅट टाकली. पण घरचं स्वयंपाकघर म्हणजे सासूबाईंचं सोवळं. त्या बोलल्या काहीच नाहीत, फक्त मी चप्पल घालून आले की उठून बाहेर जायच्या. महिनाभर हे चाललं, मला फार लागायचं, त्यांनाही लागत असणार. मग एक दिवस मी आंघोळ करून आले तर माझी ती जोडी साबणाने घासून, पुसून, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत ठेवलेली. म्हणाल्या, "ही आता आतच राहू दे, बाहेर नेऊ नकोस, म्हणजे झालं." तेव्हापासून ती जोडी आतच असते.

फरक कधी पडला? पहिले दोन-तीन आठवडे शून्य, मी सोडायच्या बेतात होते. सहाव्या आठवड्यात सकाळची कळ थोडी बोथट झाली. मध्येच एका लग्नाला सपाट सँडल घालून चार तास उभी राहिले आणि आठवडाभर मागे गेले. जुलैत स्टेशनपर्यंत चालत गेले, परतताना रिक्षा केली नाही. गणपतीत उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी घेतल्या, पण आता उंच स्टूलवर बसून मोदक वळायचे आणि दर तासाला उठून भिंतीशी पोटऱ्या ताणायच्या. वजन चौऱ्याहत्तरचं सत्तर झालं होतं, त्याचाही हातभार लागला असणार. दसऱ्यापर्यंत सकाळचं दुखणं गेलं. दिवाळीला फराळ केला, पण ऑर्डरी निम्म्याच घेतल्या. व्यायाम अजून आठवड्यातून दोनदा करते.

फिजिओने एक बजावलं होतं ते इथे सांगते. टाच बधिर होत असेल, मुंग्या येत असतील, सूज आणि ताप असेल, झोपेतही ठणकत असेल किंवा टाचांबरोबर सकाळी कंबरही आखडत असेल तर घरी व्यायाम करत बसू नका, आधी डॉक्टरांना दाखवा, ते वेगळं काही असू शकतं.

आता आमच्या केंद्रातल्या मावशींची डावी टाच सुरू झालीय. त्यांनी सांगितलं नव्हतं, सकाळी शटर उघडताना लंगडताना मीच बघितल्या. डॉक्टरांना दाखवून आणलं, मॅट आता त्यांच्या पायाखाली आहे, माझ्यासाठी दुसरी आणली. बोटं कशी ओढायची ते कणकेच्या डब्यावर बसवून शिकवलं. त्यांचा पाचवा आठवडा चालू आहे. काल म्हणाल्या, ताई, आज बाथरूमपर्यंत भिंत न धरता गेले.