डेटनला येणारे दोन प्रकारचे पाहुणे

ओहायो राज्यातल्या डेटन शहरात एका हॉटेलच्या बँक्वेट विभागाचं काम मी बरीच वर्षं बघते. मार्चमध्ये आमच्याकडे कॉलेज बास्केटबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेचे संघ उतरतात. पुरुषांच्या स्पर्धेत ६८ संघ येतात, पण बाद फेरीचा मुख्य तक्ता ६४ जणांचा. म्हणून आठ संघ आधी आपसात चार सामने खेळतात आणि हरलेले चौघे तिथूनच घरी जातात. २०११ पासून हे सामने आमच्या यूडी अरेनात, म्हणजे डेटन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये होतात. फक्त करोनाच्या काळात २०२० ची स्पर्धाच रद्द झाली आणि २०२१ ची इंडियाना राज्यात गेली.

या आठांत चार असतात आपापल्या छोट्या कॉन्फरन्सचे, म्हणजे कॉलेजांच्या साखळीचे विजेते, ज्यांना स्पर्धेच्या निवड समितीनं सोळावं मानांकन दिलेलं असतं. ६४ संघांचे सोळा-सोळाचे चार गट असतात, म्हणून सोळावं म्हणजे तळाचं. उरलेले चार कुठलंही विजेतेपद नसताना समितीनं निवडलेले, यादीत शेवटी जेमतेम बसलेले. यातले बरेचसे मोठ्या, पैसेवाल्या कॉन्फरन्सचे.

सांगते तो मंगळवार २०१८ च्या आधीचा. रविवारी संध्याकाळी टीव्हीवर यादी जाहीर झाली आणि लगेच फोन सुरू झाले. एक छोट्या कॉन्फरन्सचा विजेता संघ आणि एक मोठ्या कॉन्फरन्समधला मधल्या क्रमांकाचा, असे दोघेही आमच्याकडेच. जेवणं शेजारच्या दोन हॉलमध्ये. सामन्याच्या चार तास आधी खेळाडूंना जेवण लागतं: ग्रिल केलेलं चिकन, पास्ता, भात, फळं. रात्रीसाठी प्रत्येक संघ दोन सूचना देऊन ठेवतो. जिंकलो तर डबे बसमध्ये, कारण रात्रीच्याच विमानानं पुढच्या गावाला जायचं असतं. हरलो तर जेवण हॉलमध्ये.

दोन्ही हॉलवर मी स्पर्धेच्या स्वागताचे फलक लावले होते. सकाळी मोठ्या संघाचा व्यवस्थापक आला आणि अगदी सभ्यपणे म्हणाला, तेवढा फलक काढाल का? आमच्या मुलांसाठी स्पर्धा गुरुवारी, मुख्य फेरीपासून सुरू होते. मी काढून घेतला. तो हातात घेऊन कॉरिडॉरमधून जाताना दुसऱ्या संघातल्या एका मुलाची आई पुढे आली. रात्रभर गाडी चालवून ती आणि तिचे नातेवाईक आले होते. तिनं तो फलक मागितला. तासाभरात त्याच्यासमोर उभं राहून सगळ्या घरांचे फोटो काढून झाले, आजी-आजोबांसकट.

त्या रात्री छोटा संघ हरला. मुलं हॉलमध्ये बसली, फारसं कुणी जेवलं नाही. बिलावर सही करायला त्यांचा वयस्कर सहप्रशिक्षक आला. मला राहवलं नाही. म्हटलं, "तुम्ही तुमच्या कॉन्फरन्सचे विजेते. तुम्हाला थेट ६४ मध्ये घ्यायला हवं होतं."

तो म्हणाला, "थेट घेतलं असतं तर पहिल्याच दिवशी अव्वल मानांकनाच्या संघाशी गाठ पडली असती. १९८५ पासून सोळाव्या मानांकनाचा कुठलाही संघ तो सामना जिंकलेला नाही. इथे बरोबरीचा प्रतिस्पर्धी असतो. शिवाय इथे जिंकलो की कॉन्फरन्सला स्पर्धेच्या पैशांचा आणखी एक वाटा मिळतो, सहा वर्षं हप्त्यानं. हे आमच्याकडून काढून घेऊ नका."

त्याचं म्हणणं खरं होतं, आणि मी ते तेव्हापासून मनात वागवते आहे. पैशांचा वाटा तर फार मोठा मुद्दा. छोट्या कॉलेजांच्या प्रवासखर्चाची त्यातून सोय होते. तरीही मला ही रचना पटत नाही. तालुक्यात पहिल्या आलेल्या शाळेला जिल्ह्याच्या मैदानाच्या फाटकाशीच आणखी एक सामना खेळायला लावावा, आणि शेजारच्या तालुक्यातल्या सातव्या शाळेला मात्र आत बसवावं, तसं हे आहे. वाटा द्यायचाच असेल तर तो विजेतेपदालाच जोडता येईल.

संघ वाढवायला माझा विरोध नाही. १९३९ मध्ये ही स्पर्धा आठ संघांची होती. १९७४ मध्ये मेरीलँडचा दर्जेदार संघ एसीसी या मोठ्या कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात नॉर्थ कॅरोलिना स्टेटकडून जादा वेळेत १०३-१०० असा हरला आणि घरी बसला, कारण एका कॉन्फरन्सचा एकच संघ घ्यायचा नियम होता. पुढच्याच वर्षी ३२ संघ झाले आणि तो नियम गेला. १९८५ मध्ये ६४ झाले. २०११ मध्ये, डेटनच्या पहिल्याच वर्षी, व्हीसीयू (व्हर्जिनिया कॉमनवेल्थ विद्यापीठ) हा संघ इथून निघून थेट शेवटच्या चारांत पोचला. तोही छोट्या कॉन्फरन्सचाच, समितीनं कसाबसा घेतलेला.

६८ वरून ७२ किंवा ७६ वर जायची चर्चा २०२५ मध्ये फार तापली. २०२६ ची स्पर्धा ६८ चीच राहील असं ऑगस्टमध्ये ठरलं. २०२५ च्याच स्पर्धेत एसईसी या मोठ्या कॉन्फरन्सच्या १६ पैकी १४ संघांना जागा मिळाली होती. वाढीव जागा कुणाकडे जातील याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. हिशेबही सोपा आहे: ७६ घेतले तर ६४ वर यायला १२ जणांना बाहेर काढावं लागेल, म्हणजे २४ संघ आधीच्या फेरीत. त्यात विजेते किती ढकलायचे, हा खरा प्रश्न. माझं उत्तर: एकही नाही. समितीनं निवडलेल्यांनीच आपसात खेळावं, मग ते चार असोत की चोवीस.

२०१८ मध्ये सोळाव्या मानांकनाच्या यूएमबीसी या छोट्या विद्यापीठाच्या संघानं अव्वल मानांकनाच्या व्हर्जिनियाला ७४-५४ हरवलं आणि त्या सहप्रशिक्षकाचा आकडा मोडला. २०२३ मध्ये तर सोळाव्या मानांकनाचा फेअरली डिकिन्सन हा संघ डेटनमधूनच पुढे गेला. आदल्या मोसमात हा संघ केवळ चार सामने जिंकला होता. त्यांच्या कॉन्फरन्सचा चषक खरं तर मेरीमॅकनं जिंकला होता, पण तो दुसऱ्या श्रेणीतून नुकताच वर आलेला असल्यानं नियमानं अपात्र ठरला, म्हणून हे आले. बुधवारी इथे टेक्सस सदर्नला ८४-६१ हरवलं आणि शुक्रवारी कोलंबसमध्ये अव्वल मानांकनाच्या पर्ड्यूला ६३-५८.

डेटनची फेरी कशी उपयोगी, हे सांगताना लोक हेच उदाहरण देतात. मी त्यांना टेक्सस सदर्नची आठवण करून देते. तोही आपल्या कॉन्फरन्सची स्पर्धा जिंकूनच आला होता, आणि पर्ड्यूसारख्या संघासमोर उभं राहायची संधी त्याला मिळालीच नाही. त्याच रात्री इथे ॲरिझोना स्टेट आणि नेवाडा हे दोन बिनविजेतेही खेळले आणि त्यातल्या जिंकणाऱ्याला अकरावं मानांकन होतं. सोळावं नव्हे.