माझा अनुभव: संकासुराचा केक

आमच्या मुलाला या वर्षी पाच वर्षे पूर्ण झाली आणि त्याने वाढदिवसाला संकासुराचा केक मागितला. गुहागर तालुक्यातल्या आमच्या गावात शिमग्याला देवाची पालखी घरोघर येते, तेव्हा खेळ्यांबरोबर, म्हणजे नाचगाणी करणाऱ्या मंडळींबरोबर, गोमू (बाईच्या वेशात नाचणारा पुरुष) आणि संकासुर ही सोंगे येतात. अंगभर काळा पोशाख, डोक्यावर उंच निमुळती टोपी, छातीवर रुळणारी पांढरी दाढी, कमरेला लाल फडके आणि घुंगरू, हातात दोर. दोन वर्षांपूर्वी हाच मुलगा त्याला पाहून माझ्या पदराआड लपला होता. यंदा मात्र तो स्वतःहून अंगणात उतरला आणि त्याने संकासुराच्या दाढीला हात लावला. हा प्रसंग मी दारातून पाहिलेला असल्यामुळे त्याची मागणी ऐकल्यावर नाही म्हणण्याचा प्रश्नच माझ्यापुढे नव्हता.

पहिली अडचण केकची नव्हती. सासूबाई म्हणाल्या, "अगो, वाढदिवसाला काळा केक कशाला? आणि पालखीबरोबर येतो तो, त्याच्या मानेवर सुरी फिरवणार का तुम्ही?" काळ्या रंगाचे मी समजावू शकले असते, पण दुसऱ्या बोलण्यात तथ्य होते. आमच्या गावात जे दादा वर्षानुवर्षे संकासुर होतात, त्यांना मी घरी जाऊन विचारले. पोरांसाठी करताय तर आनंदाने करा, फक्त त्याला सुरी लावू नका, एवढेच ते म्हणाले. त्या एका वाक्याने केकची सगळी रचना ठरली. खाली अंगणासारखा चौकोनी केक करायचा आणि कापायचा तोच. त्यावरचा संकासुर अख्खा उचलून बाजूला ठेवता आला पाहिजे.

वाढदिवस एप्रिलमध्ये होता. त्या दिवसांत आमच्याकडे उकाडा असतो आणि हवेत समुद्राचा दमटपणाही असतो. केकवर आकृती घडवणाऱ्याने या दोन्हींचा विचार साहित्य आणण्यापूर्वीच करावा, असे मी आग्रहाने सांगेन. फाँडंट, म्हणजे केकवर चढवायचा कणकेसारखा मऊ गोळा, ही जवळजवळ सगळी साखरच. ती हवेतले पाणी ओढून घेते आणि तासाभरात चिकट होते. लोण्याचे आयसिंग आमच्या दुपारी टिकत नाही. शिवाय पांढऱ्या आयसिंगला काळे करून पाहिले, तर खूप रंग घालूनही ते राखाडीच राहिले आणि चवीला कडू लागले. म्हणून संपूर्ण अंगासाठी मी गनाश, म्हणजे चॉकलेट आणि क्रीमचे घट्ट मिश्रण, निवडले. एरवी डार्क चॉकलेट क्रीमच्या दुप्पट घेतात; मी तिप्पट घेतले, ९०० ग्रॅम डार्क कंपाऊंडला ३०० ग्रॅम क्रीम. कंपाऊंडमध्ये कोको बटरऐवजी वनस्पतिजन्य चरबी असते, त्यामुळे ते उकाड्यात जरा अधिक तग धरते. गनाश मुळातच गडद असल्याने काळा जेल रंग अगदी थोडा लागला आणि रात्रभर ठेवल्यावर तो आपोआप आणखी गडद झाला. हे सगळे साहित्य सुमारे ४५ किलोमीटरवरच्या चिपळूणहून आणले, आणि आणताना चॉकलेट वितळू नये म्हणून सकाळच्या पहिल्या एसटीने जाऊन ऊन चढण्याआधी परतले.

धडासाठी आधी तेलाचा मऊ स्पंज करून पाहिला. सुरी लावताच त्याचा भुगा होऊ लागला. मग लोणी, साखर आणि मैदा प्रत्येकी २५० ग्रॅम व पाच अंडी असा जड केक दोन वेळा भाजला. एक रात्र फ्रिजमध्ये ठेवलेला हा केक दातेरी सुरीने लाकडासारखा कोरता येतो. एका वेळी बोटाच्या पेराएवढेच काढावे आणि दर वेळी लांब उभे राहून पाहावे. निघालेले तुकडे मी गनाशमध्ये मळून त्या लगद्याने खांदे आणि पाठीचा बाक भरून काढला.

टोपीने मात्र मला दोन दिवस झुलवले. केकची टोपी केली, तर एवढ्या निमुळत्या आकारात ती स्वतःच्याच वजनाने खचते. पहिली टोपी रात्रीतून एका बाजूला कलली आणि सकाळी ताटात आडवी सापडली. तेव्हा सासूबाई सहज म्हणाल्या, "कुरमुऱ्याचा लाडू कधी खचलेला पाहिलास का?" मग चिक्कीच्या गुळाचा पाक केला. त्याचा थेंब गार पाण्यात टाकल्यावर कडक होऊन वाटीवर टणकन वाजेपर्यंत थांबले, त्यात कुरमुरे घातले आणि तूप लावलेल्या कागदाच्या शंकूत ते मिश्रण गरम असतानाच दाबून भरले. पाक निवायला लागला की हातात दोनच मिनिटे असतात, आणि त्या दोन मिनिटांत मधल्या दांडीसाठी भोकही पाडून घ्यावे लागते. नंतर पाडायला गेले तर टोपी दुभंगते. डोकेही तसेच केले. गूळही दमट हवेत सुटतो, म्हणून दोन्हींवर लगेच गनाशचा पातळ थर दिला.

गावातल्या सुतारदादांनी प्लायवूडच्या गोल तुकड्यात जाड लाकडी दांडी पक्की बसवून दिली. त्या सगळ्याला फॉइल गुंडाळले आणि दांडीवरून धड, डोके व टोपी एकामागून एक खाली सोडली. दांडी फक्त या वरच्या पाटात होती, खालच्या केकमध्ये ती उतरत नव्हती. वजन पेलण्यासाठी खालच्या केकमध्ये जाड स्ट्रॉचे सहा तुकडे केकच्या उंचीइतकेच कापून उभे रोवले आणि संकासुराचा पाट त्यांवर टेकवला. टोपीसकट संकासुर ३२ सेंटीमीटर झाला. फ्रिजच्या कप्प्याची उंची मी आधी मोजली नव्हती, त्यामुळे ऐनवेळी मधली जाळी काढून सगळ्या घराच्या भाज्या शेजाऱ्यांच्या फ्रिजमध्ये हलवाव्या लागल्या.

दाढीचे काम मला सर्वांत प्रिय झाले. सुक्या खोबऱ्याच्या वाटीची तपकिरी पाठ खरवडून काढली आणि सोलाण्याने लांब, पातळ पट्ट्या सोलल्या. त्या आपोआप वळतात, केसांसारख्या. हनुवटीखालून सुरुवात न करता छातीवरून वर चढत गेले, म्हणजे प्रत्येक पट्टीचे मूळ वरच्या पट्टीखाली झाकले जाते. कौले शाकारतानाही खालूनच सुरुवात करतात. कमरेच्या घुंगरांसाठी पाकात न टाकलेली कडक बुंदी लावली. हातातला दोर आंबापोळीच्या दोन पट्ट्यांना पीळ देऊन केला. कमरेचे लाल फडके तेवढे फाँडंटचे होते, आणि तेही अगदी शेवटी बांधले.

वाढदिवसाच्या दुपारी वीज तीन तास गेली. फ्रिजचे दार कोणी उघडू नये म्हणून सासूबाई त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसल्या. वीज आल्यावर केक बाहेर काढला, तेव्हा गार गनाशवर दवासारखे थेंब जमले. मी घाईने छातीवरचे थेंब फडक्याने पुसले आणि तिथे पांढुरका फराटा उठला. गरम पाण्यात बुडवून कोरडा केलेला चमचा हळूच फिरवून तो मिटवला. थेंब कधीही पुसू नयेत. पंख्याखाली ठेवले की ते अर्ध्या तासात आपोआप वाळतात. केक पुठ्ठ्याच्या बंद खोक्यात घालून मगच बाहेर काढला असता, तर ते पाणी खोक्यावरच जमले असते, हे मला नंतर उमगले.

संध्याकाळी ओवाळून झाल्यावर मी आणि मुलाच्या बाबांनी पाट दोन्ही बाजूंनी धरून संकासुर उचलला आणि देवघराशेजारच्या टेबलावर ठेवला. सहाही स्ट्रॉ जागेवर होते, केक तसूभरही दबला नव्हता. मुलाने अंगण कापले. संकासुर होणाऱ्या दादांनाही बोलावले होते, ते बराच वेळ दाढीकडे पाहत उभे राहिले आणि म्हणाले, "माझी यंदा जुनी झालीय, अशीच पुढच्या वर्षाला करा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात आले, तेव्हा सासूबाईंनी टोपी दांडीवरून अलगद वर ओढून काढली होती आणि हातानेच तिचे तुकडे करून नातवाच्या व शेजारच्या दोन मुलांच्या वाटीत वाढत होत्या. दाढी मात्र मुलाने कोणाला दिली नाही. ती त्याने एकेक पट्टी उपटून दुपारपर्यंत एकट्यानेच खाल्ली.