आधी पोर, मगे बॉल

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळातल्या बाईंनी सुचवलं, की फुटबॉलच्या टीमने मिळवलेल्या ढालींवर लिहा. ढाली दोन आहेत, ऑफिसातल्या काचेच्या कपाटात आहेत आणि त्यांच्यावर साल कोरलेलं आहे. आणखी लिहिण्यासारखं त्यात काही नाही. मी 1996 च्या दहावीच्या बॅचचा. मला लिहायचंय ते आमच्या पी.टी.च्या सरांच्या पत्र्याच्या डब्यावर.

बेकरीत बिस्किटं ठेवतात तसला तो चौकोनी डबा होता, झाकणाला सुतळी बांधलेली. आत कापूस, डेटॉल, क्रेप बँडेज, कात्री, स्काउटचे त्रिकोणी रुमाल, हात मोडला तर बांधायला दोन लाकडी पट्ट्या आणि मीठ-साखरेची पुडी. शेजारी गोणपाटात भुसा घालून बर्फ. हा बर्फ सर सकाळी बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यातून आणायचे, त्यामुळे त्याला बांगड्याचा वास यायचा. घोटा मुरगळलेला पोरगा त्या बर्फाने शेकून घरी गेला की मांजर त्याच्या मागे लागायचं. अतिशयोक्ती नाही, मी पाहिलंय. नडगीला लावायचे शिनगार्ड घ्यायला पैसे नव्हते आणि त्याशिवाय उतरायचं नाही असा नियम, म्हणून सरांनी पोफळीच्या विऱ्या, म्हणजे झावळीच्या बुडाची जाड आवरणं, कापून आम्हाला मोज्यात घालायला लावल्या. रेफरीने चाचपून पाहिलं, हसला आणि सोडलं.

आमच्या मैदानावर गवत नावालाच. बाकी सगळा जांभा, वर लाल माती. पडलं की गुडघा सोललाच. शाळांच्या सुब्रतो कपाच्या जिल्ह्यातल्या मॅचेस भर पावसात असायच्या, तेव्हा चिखलात घसरून एकमेकांवर आदळणं रोजचंच. म्हणजे पोरांना लागणार हे धरूनच चालावं लागे. लागल्यावर काय करायचं, ते मात्र सरांनी हंगाम सुरू व्हायच्या आधी ठरवलेलं असे आणि आम्हालाही सांगितलेलं असे: "मी भायर ये म्हटलंय की भायर. थंय वाद नाय."

आम्ही दहावीत असताना सावंतवाडीला जिमखाना मैदानावर आमची सेमीफायनल होती. एक-एक बरोबरी. कॉर्नरवर आमचा सेंटर फॉरवर्ड आणि समोरचा बॅक, दोघांची डोकी आपटली. आवाज आम्हाला गोलपाशी ऐकू आला. रेफरीने शिट्टी मारून हात केला तसे सर धावले. आमचा उठून बसला होता, हसत होता, "माका काय जाला नाय, सर" म्हणत होता. त्यांचा तसाच पडून होता. सर आपल्या पोराला ओलांडून आधी त्याच्याकडे गेले. त्या शाळेबरोबर आलेले शिक्षक गणिताचे, बिचारे छत्री धरून नुसते उभे. सरांनी त्या पोराची मान दोन्ही हातांत धरून ठेवली, "हलू नको, पडान रव" असं पुन्हा पुन्हा सांगत. बोटं हलतात का, मुंग्या येतात का, सगळं विचारून झाल्यावरच त्याला उचलू दिलं.

मग आमच्या सेंटर फॉरवर्डकडे वळले.
"ह्या ग्राउंड खंयचा?"
"सावंतवाडीचा."
"आपलो गोल कोणी मारल्यान?"
पोरगा गप्प. मग त्याने आमच्या लेफ्ट आउटचं नाव घेतलं. गोल त्याने स्वतःच मारला होता, वीस मिनिटांपूर्वी.

सरांनी त्याला दंडाला धरून बाहेर आणलं. आमचे बदली खेळाडू संपले होते. दहा जणांनी खेळलो, शेवटच्या पाच मिनिटांत गोल खाल्ला आणि घरी निघालो. एसटी गावाबाहेर पडते न पडते तोच सेंटर फॉरवर्डला उलटी झाली. सरांनी गाडी थांबवली, आम्हाला कंडक्टरच्या हवाली केलं आणि त्याला रिक्षात घालून सरकारी दवाखाना गाठला. रात्री त्याला गोव्यात बांबोळीच्या मोठ्या हॉस्पिटलात हलवलं, तेव्हा अॅम्ब्युलन्समध्ये सर होते. दोन दिवस ठेवून घेतलं आणि सोडलं. पुढचे तीन आठवडे सरांनी त्याला बॉलला पाय लावू दिला नाही. तो कुंपणाच्या गडग्यावर बसून आम्हाला शिव्या घालायचा.

संस्थेतले एक जण नंतर सगळ्यांसमोर म्हणाले, "जरा पाणी मारून परत पाठवायचा होता, फायनल गेली की हो हातातली." सर म्हणाले, "त्याच्या आवशीक सांगूक तुमी गेला असतास?" विषय संपला.

मी आज फिजिओथेरपिस्ट आहे. सरांमुळे झालो असं लिहिलं तर स्मरणिकेत शोभून दिसेल, पण खरं कारण बारावीचे मार्क. शिकताना कळलं, की 1995 मध्ये ऑस्ट्रेलियात मॅडॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलच्या खेळाडूंवर अभ्यास करून दाखवलं होतं, की मेंदूला धक्का बसलाय का हे ओळखायला 'आज वार कोणता' यापेक्षा 'मैदान कोणतं, शेवटचा गोल कोणाचा' हे प्रश्न जास्त कामाचे. सरांनी ते वाचलं असण्याची सुतराम शक्यता नाही. बेशुद्ध न पडताही मेंदूला धक्का बसू शकतो, आणि शंका आली तरी त्या दिवशी परत खेळायचं नाही, हे आता जगभर मान्य आहे. कोवळ्या वयात पहिला धक्का भरून यायच्या आत दुसरा बसला, तर मेंदूला सूज येऊन पोर जाऊ शकतं. क्वचित होतं, पण होतं. 'लागलं तरी शेवटपर्यंत खेळला' असं कौतुक बक्षीस समारंभात कोणी करायला लागलं की म्हणूनच माझं टाळकं सरकतं.

स्पर्धेच्या आधी पालकांकडून संमतीपत्र घ्यायचे. त्यात एक ओळ छापलेली असे: 'काही इजा झाल्यास शाळा जबाबदार राहणार नाही.' सर म्हणत, "ता शाळेसाठी. माज्यासाठी नाय." आणि मग त्याच कागदाच्या पाठीवर स्वतः लिहून घेत: दमा आहे का, फिट येते का, कुठलं औषध चालत नाही, आणि घरी निरोप द्यायला जवळच्या किराणा दुकानाचा फोन नंबर.

खोटं लागणं मात्र त्यांना खपत नसे. एक गोल पुढे असताना आमचा एक जण वेळ काढायला पाय धरून लोळला, तर पुढची अख्खी मॅच त्याला डब्याशेजारी बसवला. "नाटाक करूचा आसात तर दशावतारात जा." एरवी कोणी पडलं, मग ते कुठल्या का शाळेचं असेना, बॉल बाहेर मारायचा. तसा नियम नाही, नुसता रिवाज आहे. आमच्या राइट आउटने एकदा समोरचा गोलकीपर पडलेला बघून रिकाम्या गोलसमोरून बॉल बाहेर मारला, तर आमच्याच गावकऱ्यांनी त्याची आय-माय काढली. डिसेंबर 2000 मध्ये इंग्लंडात वेस्ट हॅमच्या पाओलो डी कॅनिओने एव्हर्टनचा गोलकीपर पडलेला पाहून आलेला बॉल सरळ हातात धरला. त्याला फिफाने फेअर प्लेचा पुरस्कार दिला. आमच्या राइट आउटला सरांनी "बरा केलंस" म्हटलं आणि लिंबू सरबत पाजलं.

2004 च्या डिसेंबरात बंगळुरूला फेडरेशन कपच्या फायनलमध्ये डेम्पोचा ब्राझिलियन खेळाडू क्रिस्तियानो ज्युनियर गोल करताना गोलकीपरवर आदळून कोसळला आणि गेला. डेम्पो गोव्याची, म्हणजे आमच्याकडे घरचीच टीम. सरांचा मला फोन आला: "तू शिकलंस मा? मगे ये, पोरांका छाती दाबूक शिकव." गेलो. उशीवर सराव घेतला, सर पहिल्या रांगेत. 2021 मध्ये डेन्मार्कचा एरिक्सन मैदानात कोसळला तेव्हा छातीवर दाब आणि विजेचा झटका जागच्या जागी मिळाला म्हणून तो वाचला. तीही मॅच सरांनी पाहिली होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी एवढंच विचारलं, की ते झटक्याचं मशीन कितीला पडतं.

अमृतमहोत्सवाच्या निधीतून शाळेला कमान उभी राहणार असं पत्रकात वाचलं. कमानीला माझा विरोध नाही. पण परवा शाळेच्या ग्राउंडवर गेलो होतो. पोरं प्रॅक्टिस करत होती, सर नवे आहेत, उत्साही आहेत, आणि प्रथमोपचाराची पेटी मागितली तर ती लॅबमध्ये कुलपात होती. आमची बॅच एक स्ट्रेचर, भरलेली पेटी, बर्फासाठी लहान फ्रीज आणि ते मशीन द्यायला तयार आहे. दरवर्षी जूनमध्ये शिक्षकांचं प्रथमोपचाराचं प्रशिक्षण मी घेईन, फी नको. अट एकच, पेटी खेळाच्या वेळात मैदानावर असली पाहिजे आणि तिची किल्ली हरवलेली असली पाहिजे. कमिटीला हे जमणार नसेल, तर कमानीच्या देणगीदारांच्या यादीतून माझं नाव काढावं. पावती क्रमांक मी कार्यालयात कळवला आहे.