पहिली रायफल आणि तिच्या सिलिंडरवरची तारीख

एनसीसीच्या शिबिरात पॉइंट टू-टू, म्हणजे ०.२२ इंची काडतुसाच्या, रायफलीतून मी पहिल्यांदा पाच गोळ्या झाडल्या, तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. पाचही भोके एका रुपयाच्या नाण्याखाली झाकली गेली आणि शिबिरातले उस्ताद 'ग्रुप अच्छा है' एवढेच म्हणून पुढच्या मुलीकडे वळले. त्यानंतर बावीस वर्षे मी रायफलीला हात लावला नाही. गेल्या वर्षी ऐरोलीतल्या आमच्या घराचे हप्ते फिटले, तेव्हा पहिल्यांदाच केवळ स्वतःसाठी काहीतरी घ्यायचे ठरवले, मात्र ते काय हे ऐकल्यावर सासूबाईंनी विचारले, "त्याला परवाना लागतो ना गं?"

प्रश्न रास्त होता, आणि त्याचे नेमके उत्तर मलाही ठाऊक नव्हते. आपल्याकडचा शस्त्र अधिनियम १९५९चा आहे आणि त्यातील अग्निशस्त्राची व्याख्या बरीच रुंद आहे: स्फोटकाच्या किंवा 'अन्य कोणत्याही ऊर्जेच्या' जोरावर प्रक्षेप्य सोडणारे कोणतेही शस्त्र तीत येते. म्हणजे केवळ दाबलेल्या हवेवर चालणारी एअर रायफलसुद्धा व्याख्येने अग्निशस्त्रच ठरते. तिला मोकळीक मिळते ती २०१६च्या शस्त्र नियमांमुळे. नळीचा व्यास ४.५ मिलिमीटरपेक्षा आणि नळीच्या तोंडाशी छऱ्याची ऊर्जा २० ज्यूलपेक्षा अधिक नसेल, तर परवान्याची गरज नाही. यांपैकी एक मर्यादा जरी ओलांडली, तरी ती परवान्याची वस्तू होते. म्हणून ५.५ मिलिमीटरची रायफल कोणी 'चालतं हो, कोण बघतंय' म्हणून हातात ठेवू लागला, तर मुकाट्याने दुकानाबाहेर पडावे.

पॉइंट टू-टूचा विचार मी सहजासहजी सोडला नाही. मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सभासदाला लक्ष्यसरावासाठी पॉइंट टू-टू रायफलीचा परवाना द्यावा, असे अधिनियमाच्या तेराव्या कलमातच म्हटले आहे, आणि स्वसंरक्षणासाठी पिस्तूल मागणाऱ्या माणसापेक्षा खेळाडूची बाजू कायद्याने बरीच मजबूत धरली आहे. तरीही वाट लांबची आहे. शस्त्रे सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र लागते, शस्त्र घरात कुठे आणि कसे ठेवणार याची हमी द्यावी लागते, अर्ज पोलीस आयुक्तालयात जातो आणि चौकशी आपल्या हद्दीतल्या पोलीस ठाण्याकडे येते. परवाना पाच वर्षांचा असतो आणि मग पुन्हा नूतनीकरण. हे सारे करूनही ५० मीटरची रेंज, म्हणजे नेमबाजीच्या सरावाची जागा, हाताशी हवी, काडतुसांचा खर्च वेगळाच. बंदूक पहिली, वेळ आठवड्यातून दोन दिवस आणि पैसे मोजके, अशा स्थितीत हा खटाटोप मला अवाजवी वाटला. अर्ज मी भरून ठेवला आहे, तो अजून कपाटातच आहे.

माझा आतेभाऊ अमेरिकेत न्यू जर्सीत राहतो. त्याच्याकडे हे रडगाणे गायले, तेव्हा तो हसू लागला. अमेरिकेत म्हणे बंदुका वाण्याच्या दुकानात मिळतात, अशी आपली समजूत असते. पण तिथे राज्यागणिक कायदा बदलतो, आणि न्यू जर्सीच्या कायद्यात एअर गनही अग्निशस्त्रातच मोडते, त्यामुळे ती विकत घ्यायलासुद्धा पोलिसांकडून खरेदीदाराचे ओळखपत्र आधी काढावे लागते. जी रायफल मी बिल आणि ओळखपत्राची प्रत एवढ्यावर घरी आणू शकत होते, तिच्यासाठी त्याला बोटांचे ठसे देऊन थांबावे लागले असते. आमच्या दोघांच्या संभाषणात कडक कायद्याखाली राहणारा तो निघाला, मी नव्हे.

असो. दहा मीटरची एअर रायफल घ्यायची एवढे ठरले, खर्चाची मर्यादा मनाशी पन्नास हजार धरली आणि मुंबईतल्या एका दुकानात गेले. दुकानदाराने पहिलाच खोका पुढे केला तो '१२०० फूट प्रतिसेकंद' असे ठळक छापलेला. पुढे अर्धा तास तो मला वेगच विकत होता. हे आकडे बहुधा हलक्या मिश्रधातूच्या छऱ्यांनी काढलेले असतात, नेहमीच्या शिशाच्या छऱ्याने ते येत नाहीत. आणि आलेच तरी नेमबाजाच्या उपयोगाचे नाहीत, कारण ध्वनीच्या वेगाच्या आसपास गेलेला छरा हवेत डळमळतो. जगभरच्या स्पर्धांत वापरल्या जाणाऱ्या रायफलीतून साधारण अर्ध्या ग्रॅमचा, चपट्या डोक्याचा छरा सेकंदाला सुमारे १७० मीटर वेगाने सुटतो. गणित मांडले तर ही ऊर्जा साडेसात ज्यूलच्या आसपास येते, म्हणजे परवान्याच्या मर्यादेच्या निम्म्याहूनही कमी. ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने २०२२मध्ये कैरोत दहा मीटर एअर रायफलचे जागतिक विजेतेपद मिळवले, ते याच खेळात. कायदा ज्या ताकदीला अडवतो, ती ताकद या खेळाला मुळी नकोच असते, ही गोष्ट त्या दुकानात उभी असताना माझ्या लक्षात आली आणि पुढची खरेदी सोपी झाली.

मग हवे ते काय? दहा मीटरच्या कागदी लक्ष्यावरचा दहाचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो. साडेचार मिलिमीटरच्या छऱ्याची कड त्याला नुसती शिवली तरी दहा गुण मिळतात, म्हणजे छऱ्याचा मध्य केंद्रापासून अडीच मिलिमीटरच्या आत पडायला हवा. रायफलीच्या पुढच्या आणि मागच्या साइटमधले, म्हणजे नेम धरायच्या खुणांमधले, अंतर सत्तर सेंटिमीटर धरले, तर अडीच मिलिमीटरची ही चूक पुढच्या साइटपाशी सुमारे ०.१८ मिलिमीटर भरते. झेरॉक्सच्या दोन कागदांची जाडी याहून थोडी जास्त असते. एवढ्या बारीक कामात रायफलीने तीन गोष्टी नीट कराव्यात: साइट जिथे लावली तिथेच राहावी, ट्रिगर दर वेळी त्याच जागी आणि तेवढ्याच दाबाला सुटावा, आणि दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवायचा मागचा भाग, आपल्या अंगाला बसावा. चौथी गोष्ट छऱ्यांची, पण ते वेगवेगळे आणून नळीला कोणते मानवतात ते पाहता येते.

भारतीय बनावटीच्या, नळी मोडून भरायच्या स्प्रिंगच्या रायफली दहा-पंधरा हजारांच्या घरात मिळतात आणि पुष्कळांची सुरुवात त्यांवरच होते. त्यांना कमी लेखण्याचे कारण नाही. शालेय स्पर्धांत ओपन साइटचा, म्हणजे साध्या उघड्या खुणांवरून नेम धरण्याचा, वेगळा गट असतो आणि त्यात मुले अशाच रायफलींनी सुंदर नेम साधतात. माझी अडचण निराळी होती. स्प्रिंगच्या रायफलीत ट्रिगर सुटला की जड दट्ट्या पुढे झेपावतो, त्याने रायफल आधी मागे आणि मग पुढे हिसकते, आणि हे सारे छरा नळीत असतानाच सुरू झालेले असते. तिला घट्ट धरले तर नेम एकीकडे जातो, सैल धरले तर दुसरीकडे. साठ छऱ्यांसाठी साठ वेळा नळी मोडायची, तर माझा उजवा खांदा चाळिसाव्यालाच शरण येतो. २०१८पासून महिलांनाही पुरुषांइतकेच साठ नेम असतात, हे समानतेच्या दृष्टीने उत्तमच झाले. खांद्याचे मत मात्र कोणी विचारले नाही.

त्याहून मोठी अडचण आमच्या घराची. हॉलच्या खिडकीपासून आतल्या खोलीच्या भिंतीपर्यंत सारी दारे उघडली तरी सात मीटरच्या वर रेघ जात नाही, आणि गेली असती तरी माणसांच्या ये-जा करण्याच्या वाटेवर छरा सोडणे हा शुद्ध वेडेपणा झाला असता. घरी करायचा तो कोरडा सराव: छरा न भरता उभे राहायचे, श्वास सोडायचा, भिंतीवरच्या ठिपक्यावर साइट स्थिर करायची आणि ट्रिगर सोडून सुटण्याच्या क्षणी साइट कुठे होती ते पाहायचे. रेंजवर आठवड्यातून दोनदा जाणाऱ्याचे खरे शिक्षण घरातल्या या सरावातच होते. स्प्रिंगच्या रायफलीत छरा नसताना ट्रिगर सोडणे म्हणजे दट्ट्या विनाअडथळा आदळवणे, आणि त्याने सील व स्प्रिंग दोन्ही लवकर जातात. स्पर्धेच्या रायफलीत हवा खर्च न करता नुसता ट्रिगर सोडण्याची सोय दिलेली असते. दुकानात या सोयीबद्दल विचारले, तर 'मॅडम, मग खरेदी तरी कशाला करता?' असे उत्तर मिळाले.

आमच्या रेंजवरचे सर यापेक्षा शहाणे निघाले. त्यांनी मला सहा महिने काहीही विकत घेऊ दिले नाही. "ताई, आधी क्लबची रायफल वापरा. तुमचा गाल कुठे टेकतो, हात किती लांब पडतो, हे तुम्हालाच माहीत नाही. मग दुकानदाराला काय सांगणार?" असे ते म्हणाले. मला तेव्हा राग आला होता, कारण क्लबची रायफल चार जणांत फिरायची आणि दर वेळी साइट पुन्हा जुळवावी लागायची. परंतु त्या सहा महिन्यांत कळले की बाजारातल्या बहुतेक लाकडी दस्त्यांची लांबी माझ्या हाताला दोन बोटे जास्त आहे, आणि डावे कोपर कमरेच्या हाडावर टेकून उभे राहायचे असेल तर पाच किलोंपेक्षा चार किलोंची रायफल मला अधिक वेळ स्थिर धरता येते. नियमाने साडेपाच किलोंपर्यंत परवानगी आहे. म्हणून तेवढे वजन उचललेच पाहिजे असे नाही.

नवी जर्मन किंवा ऑस्ट्रियन रायफल, मग ती फाइनवेर्कबाउ असो, वाल्थर असो की स्टायर, दोन लाखांच्या पुढे जाते. तो विषय माझ्यापुरता तिथेच मिटला. दाबलेल्या हवेच्या सिलिंडरवर चालणाऱ्या भारतीय रायफली आता चांगल्या बनतात आणि माझ्या मर्यादेत बसत होत्या. त्यांवर पीप साइट, म्हणजे डोळ्याजवळच्या बारीक छिद्रातून पाहायची साइट, चढवून घेण्याच्या मी अगदी जवळ आले होते. तेवढ्यात मार्च उजाडला. पालकांना ठाऊक असलेली पण कुठे छापून न येणारी गोष्ट अशी, की ठाणे-नवी मुंबईच्या पट्ट्यात जुन्या रायफलींचा हंगाम शाळेच्या वेळापत्रकावर चालतो. मुलगा आठवीत असताना हौसेने घेतलेली रायफल दहावीला कपाटात जाते आणि बारावीचे क्लास सुरू झाले की विक्रीला निघते. पनवेलला ऑलिंपिक नेमबाज सुमा शिरूर यांचा क्लब आहे, ठाण्यातही रेंज आहेत, शिकणारी मुले पुष्कळ आहेत, आणि प्रवेश परीक्षा कोणालाच चुकलेली नाही.

घणसोलीच्या एका कुटुंबाकडे अशीच एक जर्मन रायफल होती. कनिष्ठ गटासाठीची, दस्त्याची लांबी आणि गाल टेकायच्या पट्टीची उंची किल्लीने कमी-जास्त करता येणारी, कोरड्या सरावाची सोय असलेली. सर माझ्याबरोबर आले आणि त्यांनी रायफल हातात घेण्याआधी सिलिंडर उलटा करून त्यावरची तारीख वाचली. या सिलिंडरांत २०० बारपर्यंत (बार हे दाबाचे माप) हवा भरतात आणि उत्पादकांनी त्यांचे आयुष्य सहसा दहा वर्षांचे ठरवलेले असते. मुदत उलटलेला सिलिंडर भरणे धोक्याचे, आणि स्पर्धेत मुदतीतला सिलिंडर वापरण्याची जबाबदारी खेळाडूचीच. मी रंग, ओरखडे, नळी पाहत बसले असते. आमच्या रायफलीच्या सिलिंडराची अडीच वर्षे उरली होती, म्हणून नव्या सिलिंडराची किंमत सरांनी तिथेच सौद्यातून वळती करून मागितली. मुलाच्या वडिलांनी ती अर्धी मान्य केली. त्यांनी मूळ बिल आणि आयातीचे कागद दाखवले, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटले; खेळाडूंसाठीची सवलत घेऊन आणलेल्या शस्त्राच्या विक्रीवर अटी असतात, आणि त्या पाहिल्याशिवाय पैसे देणे म्हणजे दुसऱ्याचा घोळ स्वतःच्या नावावर घेणे. शेवटी पंच्याऐंशी हजार पडले. पन्नासाची मर्यादा मोडली, ती लपवत नाही. नवऱ्याने त्यावर एक शब्द काढला नाही, फक्त त्याच्या नव्या सायकलीचा विषय त्याच संध्याकाळी काढला.

जॅकेट अजून घेतलेले नाही. ते अंगाला मापून शिवून घ्यावे लागते आणि स्वस्त नसते. सध्या हातमोजा आणि क्लबचे जुने जॅकेट यांवर भागते. हवा रेंजवरच्या मोठ्या सिलिंडरातून भरून मिळते. पाचशे छऱ्यांचा डबा तीन आठवडे पुरतो. शिसे हाताला लागते, तेव्हा सरावानंतर हात धुतल्याशिवाय जेवणाचा डबा उघडायचा नाही, एवढा नियम पाळते.

रायफल न्यायची असली की खोक्याला कुलूप, छरे वेगळ्या पिशवीत, आणि बिलाची प्रत व क्लबचे ओळखपत्र वरच्या कप्प्यात. ट्रान्स-हार्बरच्या गाडीत लोक विचारतात की गिटार आहे का, आणि मी बहुतेक वेळा हो म्हणते. आमच्या सोसायटीचे सचिव मात्र फसले नाहीत. त्यांनी जिन्यात गाठून हळूच विचारले, "मॅडम, आमच्या डक्टमधल्या कबुतरांचं काही होईल का?" मी त्यांना सांगितले की काका, ही फक्त कागद मारते. त्यांचा चेहरा उतरला. त्यानंतर त्यांनी डक्टला जाळी बसवून घेतली आणि तिच्या वर्गणीची पावती सर्वांत आधी माझ्याकडे पाठवली.

स्वतःच्या रायफलीवर पहिल्या महिन्यात सहाशेपैकी ५३८ झाले. क्लबच्या रायफलीवर ५४१ होत होते. सर म्हणतात की गालाची पट्टी अजून दोन मिलिमीटर खाली हवी. किल्ली आज रात्री शोधायची आहे.